याहा पुढे आहे

अन्याय झाला तो माझ्या आईवर. लीलाबाई तिचं नाव. मागच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या रविवारी, पहाटे पाच वाजता, मोलगीच्या वरच्या अंगाला असलेल्या देवीच्या डोंगराच्या पहिल्याच वळणावर. 'सूर्योदय दर्शन पदयात्रा' असा फलक लावून शहरातली एक मंडळी लोकांना त्या डोंगरावर नेते. वाटाड्या देते, टोप्या देते, वर गरम पोहे देते. त्यांच्यातल्या एका टोपीवाल्या तरुणाने आईचा ओढत येणारा डावा पाय पाहिला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "मावशी, तुमच्यामुळे सगळ्यांचा सूर्योदय चुकेल." मग त्याने तिला पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. लोक दर्शन घेऊन खाली येईपर्यंत ती तिथेच बसून होती. मांडीवर पिशवी, पिशवीत तेलाची बाटली, वाती आणि पणती.

मी तेव्हा नंदुरबारला मोर्चात होते. घाटातल्या गावांना रुग्णवाहिका मिळावी म्हणून आमचा तरुणांचा गट दोन वर्षं भांडतो आहे आणि पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. घरी आल्यावर आईने सहज बोलता बोलता ही गोष्ट सांगितली आणि माझं डोकं फिरलं. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सूर्य कोणाच्या मालकीचा?' शहाद्याच्या बसस्टँडवर मी ते स्वतः वाटलं. लोकांनी वाचलं, चुकचुकले, काहींनी फोटो काढून पुढे पाठवले. आईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तू मन्हा नावनं पत्रक छापं, मले इचारं का? आनि तुन्हा पत्रकले पाय शेतस का? ते जाई का वर दिवा लावाले?"

दिव्याचं सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी आईला लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ वळेना. दवाखान्यात ती नुसती छताकडे पाहत पडून असायची. वाचा परत आली तेव्हा तिने पहिलं काही मागितलं असेल तर हे, की स्वतःच्या पायांनी देवीच्या डोंगरावर जाईन आणि कोवळ्या उन्हात दिवा लावीन. तिचे वडील मोलगीच्या आठवडे बाजारात कापड विकायला बसत. लहानपणी त्यांच्या बोटाला धरून ती एकदा त्या देवळात गेली होती. माझं म्हणाल तर देवळाशी माझा संबंध भोंग्याच्या तक्रारीपुरता. नवस ही मला लाचारीच वाटायची. ज्या माणसाला उपचार वेळेवर मिळत नाहीत त्याने देवीकडे काय मागायचं, सरकारकडे मागावं, असं मी दहा सभांतून बोलले आहे. आजही बोलेन.

यंदाच्या मार्गशीर्षात आईने पुन्हा पिशवी भरली. "मी जाई ऱ्हायनी. तुले येवानं व्हई ते ये." मी गेले. खरं कारण सांगते, भक्ती नव्हती. मला दुसऱ्या पत्रकासाठी मजकूर हवा होता. आई वर पोचली तर त्या टोपीवाल्यांच्या तोंडावर मारायला फोटो, आणि नाही पोचली तरी फोटो. अशी तयारी करून मी निघाले होते.

या वेळी आम्ही त्या मंडळींबरोबर गेलो नाही. पायथ्याच्या पाड्यावर ठुमाबाई राहते, ती माणसं वर नेते, असं जीपवाल्याने सांगितलं होतं. तिच्याच ओसरीवर रात्री झोपलो. पस्तिशीची, बोलकी, हसताना डोक्यावरचा पदर हमखास सावरणारी बाई. घरात भिली बोलते आणि आमच्याशी शाळेतली मराठी, लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणत. आमच्याबरोबर शहाद्याच्या कॉलेजातली चार मुलंही होती. पहाटे अंगणात सगळे जमलो तेव्हा तिने आईला खांद्याला धरून ओळीच्या अगदी पुढे उभं केलं. आईच्या मागे मी, माझ्या मागे मुलं, शेवटी ती स्वतः.

"याहा पुढे," ती म्हणाली. भिलीत याहा म्हणजे आई. "याहाच्या पुढे कोणी जायचं नाही."

एका मुलाने घड्याळ पाहिलं. "मावशी, अशाने सूर्य निघून जाईल."

"सूर्य काय जीप आहे का, भरली की निघाली?" ठुमाबाई म्हणाली. मुलं हसली आणि तो विषय तिथेच संपला. नंतर मी तिला विचारलं, हा तुमच्या समाजाचा नियम आहे का. ती म्हणाली, समाजाचं माहीत नाही, आमच्या घरचा आहे. तिची आजी आंधळी झाल्यावरही डोंगरावर जायची आणि आजोबा तिला पुढे ठेवायचे. मागे ठेवली तर ती मागे राहील, एवढंच कारण.

मी आयुष्यात कधी ओळीत दुसरी चालले नव्हते. मोर्चात मी पुढे असते, घोषणा मी देते, मागचे उचलून धरतात. इथे माझ्यापुढे फक्त आईची टाच होती, बॅटरीच्या उजेडात. उजवा पाय पडायचा, मग डावा जमीन घासत यायचा. ठप्, सर्र. ठप्, सर्र. सुरुवातीला ते ऐकवत नव्हतं. आमच्या घरात दोन वर्षं आम्ही रेडिओ मोठा करून तोच आवाज झाकत आलो होतो. पण इथे तो झाकायला काहीच नव्हतं. हळूहळू मागच्या मुलांची पावलंही त्याच तालात पडू लागली, ठरवून नव्हे, दुसरं काही शक्यच नव्हतं म्हणून. मग सागाची वाळकी पानं, कुठे लांब कोंबडा, आणि आम्हा सगळ्यांचा मिळून तो एक आवाज. मी दोनदा आईचा कोपर धरायला गेले. दोन्ही वेळा मागून ठुमाबाईचा आवाज आला, "हात काढ. ती चालते आहे ना." मग मी आईला म्हटलं, बस जरा. आई न वळता म्हणाली, "मोर्चामा कोनले बसाडस का तू?"

देऊळ वर अंधुक दिसायला लागलं तिथे वाट रुंद होते आणि मग एकदम चढाची होते, मोठाल्या खडकांमधून. त्या रुंद जागी आईचा पाय थांबला. थकून थांबतो तसा नव्हे. डावा पाय पुढे यायचंच विसरला. ती उभी, आम्ही तिच्यामागे उभे. पूर्वेला फटफटलं होतं. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, इथंच लाव दिवा. देवीला काय, इथूनही दिसतो." ती म्हणाली, "थांब. पाय इचार करी ऱ्हायना."

तेव्हा मी देवीशी भांडले. मनातल्या मनात, पण पत्रकाच्याच भाषेत. हिने तुझं काय वाकडं केलं? हिच्याच वाट्याला हा पाय का? दोन वर्षं ही रोज सकाळी भिंत धरून चालायचा सराव करते, ते तुला दिसत नाही का? एवढ्या वरून तरी दिसायला हवं. उत्तराची अपेक्षा नव्हती. निवेदनांना उत्तर येत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

आणि त्याच वेळी खालून उजेड आला. पाचपन्नास बॅटऱ्या, भराभर वर येणाऱ्या, आणि पांढऱ्या टोप्या. तीच मंडळी. आमच्यानंतर निघून आम्हाला गाठलं होतं. पुढे एक गोड आवाजाचा तरुण, आईने सांगितला होता अगदी तसा. तो ओळीच्या शेवटाला पोचला आणि म्हणाला, "जरा रस्ता द्या. मागे खूप माणसं आहेत, सूर्योदय गाठायचाय." वाट तिथे रुंद होती. त्याला न विचारताही जाता आलं असतं.

ठुमाबाई जागची हलली नाही. "पुढे जाता येत नाही. याहा पुढे आहे."

"कोण?"

"याहा."

इथल्या देवीचं नाव याहा मोगी, हे डोंगरावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, त्याच्या टोपीवरही छापलेलं होतं. याहा म्हणजे आई हे मात्र त्याला माहीत नसावं. तो मागे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "देवी पुढे आहे." ते शब्द ओळीतून खाली गेले, एकाकडून दुसऱ्याकडे. देवी पुढे आहे. पालखी असेल. थांबा, थांबा, देवी पुढे चालली आहे. कोणीतरी चपला काढल्या. मग एकामागून एक बॅटऱ्या विझत गेल्या, अगदी शेवटच्या वळणापर्यंत, आणि एवढी माणसं त्या उतारावर हात जोडून पहाटेच्या धूसर उजेडात उभी राहिली. माझ्या आईच्या मागे.

मला सगळं समजत होतं. गैरसमज दुरुस्त करणं हेच माझं काम. एक वर्ष ज्याची वाट पाहिली ते वाक्य जिभेवर तयार होतं: ही देवी नाही, ही लीलाबाई आहे, जिला तुम्ही खुर्चीत बसवून गेला होतात. मी तोंड उघडलंही. आई म्हणाली, "गप ऱ्हाय." तिला मागचं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती फक्त पायाकडे पाहत होती. खालून कोणीतरी हलक्या आवाजात देवीचं नाव घेऊ लागलं, मग आणखी काहींनी घेतलं. घोषणेसारखं नव्हे. झोपलेल्या मुलाला उठवू नये एवढ्या आवाजात. मी पाहिलं, आईचा डावा पाय जमिनीवरून सुटला. घासला नाही. उचलला गेला. पुढच्या खडकावर टेकला. मग उजवा. ती वर निघाली, मी निघाले, आणि मागे ती सगळी माणसं.

हे कशाने झालं ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतील, थोडी विश्रांती मिळाली, स्नायू सैल झाले. बरोबर असेल. मी एवढंच सांगते की तो शेवटचा चढ मी मान खाली घालून चढले आणि माझ्या पुढे कोण चालत होतं हे मला त्या वेळी नक्की सांगता आलं नसतं. मागच्यांना वाटत होतं देवी. मला माहीत होतं आई. दोन्ही गोष्टी एकाच टाचेकडे पाहून वाटत होत्या.

आम्ही वर पोचलो तेव्हा सूर्य चांगला हातभर वर आला होता. सगळ्यांचा सूर्योदय चुकला, त्या तरुणाने सांगितलं होतं अगदी तसंच. कोणी घड्याळ पाहिलं नाही. देवळापुढच्या सपाटीवर ऊन पडलं होतं, खाली डोंगरांच्या रांगांमागे रांगा निळ्या होत्या. मी आईला म्हटलं, सूर्य उगवून गेला गं. ती पणती काढत म्हणाली, "उगी गया ते काय व्हयनं. ऊन ते शे ना." बसता येईना म्हणून तिने उभ्यानेच ओट्यावर पणती ठेवली, शेजारी मूठभर ज्वारी ठेवली, वात लावली. भर उन्हात ज्योत दिसतसुद्धा नव्हती. तिने हात जोडले. काही मागितलं नाही, मी तिच्या ओठांकडे पाहत होते.

तो टोपीवाला तरुण इकडे तिकडे पालखी शोधत होता. मग त्याची नजर ओळीच्या पुढे असलेल्या बाईवर आली, तिच्या पायावर आली आणि तो तसाच उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. त्याच्याकडेही पणती होती. जवळ येऊन त्याने विचारलं, तुमच्या दिव्यावरून लावू का. माझी जीभ पुन्हा शिवशिवली. आईने त्याला नीट निरखलं.

"गया सालले खुर्ची देनारा तूच ना?"

त्याने मान हलवली.

"बरी व्हती खुर्ची. पाठ दुखनी नही. ले, लाई ले. तेल नको सांडू, ते तिन्हं शे."

त्याची पणती पेटली. मग त्याच्यावरून दुसऱ्याची, तिसऱ्याची. ओटा भरला. मी फोटो काढला नाही. मोबाइल खिशातच राहिला आणि त्याची आठवण मला उतरताना झाली.

उतरताना आई पुढे आणि मी ठुमाबाईच्या बरोबर होते. मी तिला म्हटलं, तू त्यांना चुकीचं का समजू दिलंस? ती थांबली, पदर सावरला. "मी काय खोटं बोलले? याहाला याहा म्हटलं. तू सांग, नाही का ती?" मी पुढे पाहिलं. ठप्, सर्र. देवी त्या डोंगरावर ज्याच्या त्याच्या पावलाने चढत असेल, तर तिच्यासाठी मला एवढंच करायचं होतं: मागे राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मोर्चे मी काढतेच आहे, रुग्णवाहिका आली पाहिजेच. पण त्या दिवसापासून आमच्या घरात रेडिओचा आवाज कमी झाला आहे. सकाळी आई चालायला लागली की मी तिच्या मागून चालते. काही बोलत नाही. ते माझं दर्शन.

दुसरं पत्रक मी लिहिलं नाही. त्याच्या जागी हे लिहिलं आहे, आणि पत्रकाची सवय आहे म्हणून शेवटी मागणी करतेच. या थंडीत तुम्हीही कुठल्या तरी डोंगरावर जाल. तुमच्यात एक जण सगळ्यांत हळू चालणारा असेल, तुम्हाला तो निघायच्या आधीच ठाऊक असतो. त्याला खुर्ची देऊ नका. त्याला पुढे घ्या, आणि वाट कितीही रुंद असली तरी त्याच्या पुढे जाऊ नका.