पदराखालची डबी

मी धाटावच्या एका प्रयोगशाळेत काम करते. बंद जागेतल्या हवेत धूळ किती उडते ते मोजायचं, हे माझं काम. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून कंपनीत धूल धरते." त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, ते लग्नाला चार वर्षं झाली तरी मला कळलं नव्हतं.

आम्ही रोह्याला राहतो. सासूबाई धरमतरच्या बाजूला गावी असतात आणि पेणला पोह्यांच्या गिरणीत चाळणीवर पोहे चाळायला बसतात. गेल्या हिवाळ्यात त्याच गिरणीच्या मालकांचा आमच्या प्रयोगशाळेत फोन आला. चाळणीवरच्या बायकांना खोकला येतो, आतली हवा तपासून द्या. साहेबांनी काम माझ्याकडे दिलं.

सकाळी पोचले तेव्हा भट्टी पेटली होती आणि चाळणीपाशी कोंड्याचा पिवळट धुरळा तरंगत होता. दोन बायकांना यंत्र लावायचं होतं. कमरेला छोटा पंप, त्याची नळी खांद्यावरून पुढे, आणि टोकाला गळ्याजवळ एक डबी. डबीत वजन करून ठेवलेला पांढरा गोल कागद. बाईच्या नाकासमोरची हवा पंप ओढतो, धूळ कागदावर बसते. पहिल्या बाईंना हे सगळं मी नीट समजावलं. दुसऱ्या सासूबाईच होत्या. त्यांना शिकवायची मला भीड वाटली.

"आई, संध्याकाळपर्यंत एवढं काढू नका," इतकंच म्हणाले.

"व्हय म्याडम," त्या म्हणाल्या, आणि सगळ्याजणी हसल्या.

दिवसभर मी भट्टीपाशी दुसरं यंत्र घेऊन बसले होते. मधूनमधून येऊन पंप चालू आहे ना, तेवढं बघायचे.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डब्या उघडल्या. पहिल्या बाईंचा कागद पिवळा पडलेला. सासूबाईंचा मात्र जसा दिला तसा, पांढराशुभ्र. दोघी एकाच चाळणीवर बसलेल्या! पंप तर पूर्ण वेळ चालला होता. मी फोन लावला.

"आई, काल त्या डबीचं काय केलंत?"

"काय करनार? जपली. पदराखाली धरली व्हती दिवसभर. तुजी म्हागाची वस्तू, कोंडा बसला आसता ना!"

मला हसावं की रडावं कळेना. साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "चूक त्यांची नाही, तुमची." बरोबरच होतं.

दोन दिवसांनी मी पुन्हा पेणला गेले. या वेळी सासूबाईंच्या शेजारी पाटावर बसून सगळं सांगितलं.

"म्हंजे धूल बसाया पायजे?"

"हो."

"मंग आदी सांगायचं ना गो!" त्यांनी पदर कमरेला खोचला. मग विचारलं, "माज्या छातीत पन आशीच बसते काय?"

खोटं बोलवेना. "थोडी बसते आई. किती, ते बघायलाच आले मी."

त्यांनी मान हलवली आणि दिवसभर ताठ बसून काम केलं. त्या संध्याकाळी कागद पहिल्या बाईंच्या कागदासारखाच पिवळा निघाला.

आमचा अहवाल वाचून मालकांनी चाळणी मागच्या दाराशी हलवली, भिंतीत हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवला. सासूबाईंचा खोकला पार गेला नाही, पण कमी झाला. पूर्वी रात्री त्यांच्या खोकल्यानं गावी माझ्या जावेची पोरं झोपेतून दचकायची, आता नाही.

पुढे त्या आमच्याकडे आठवडाभर राहायला आल्या, तेव्हा साहेबांना विचारून मी त्यांना प्रयोगशाळा दाखवली. काचेच्या पेटीतल्या वजनकाट्यापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "हा इतका नाजूक आहे, की नुसत्या फुंकरीनं आकडा हलतो," मी म्हटलं. त्यांनी लगेच तोंडावर हात धरला. मी कागद ठेवला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, वहीत लिहून घेतला. मागे वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा लालबुंद झालेला.

हाताआडूनच त्यांनी विचारलं, "सोरू का गो आता श्वास?"