ज्ञानूकाकांनी वळलेली म्होरकी

ज्ञानूकाकांविषयी मी तीनदा खोटं बोललो. पहिल्या दोन वेळी शाळकरी मुलगा होतो. तिसऱ्या वेळी पन्नाशी उलटून गेली होती. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही… बायकोलाही नाही.

दीड महिन्यापूर्वी पाटण तालुक्यातल्या एका गावाहून पार्सल आलं. आत जनावराच्या तोंडाला बांधतात ती म्होरकी होती, सुताची, हातानं वळलेली. तिच्या गालपट्टीवर एक पितळी पट्टी आणि पट्टीवर रोमन अक्षरांत माझं नाव. सोबत चिठ्ठी : ‘आप्पा गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या ट्रंकेत ही सापडली. वहीत तुमच्या वडिलांचा पुण्याचा पत्ता होता, म्हणून पाठवते. कुसुम पवार.’ खाली फोन नंबर. आप्पा म्हणजे ज्ञानूकाका, कुसुम त्यांची सून. इतकी वर्षं मी समजत होतो की ती म्होरकी त्यांनी तिथंच वाळूत कुठं तरी फेकून दिली असणार.

वडील सौदी अरेबियात, अबकैकच्या तेलप्रकल्पात प्रयोगशाळेत होते. पैशाचा पूर आला होता ती वर्षं. आम्ही बड्या नोकरदारांच्या वसाहतीत राहायचो आणि मी तिथल्याच शाळेत जायचो. वर्गात बहुतेक गोरी मुलं, हिंदुस्थानी मी एकटा. शाळेचा एक पशुपालन क्लब होता. हुफूफकडच्या डेअरीतून खच्ची केलेले खोंड आणायचे, प्रत्येक मुलाला एक द्यायचा. वर्षभर त्यानं तो खाऊ घालून वाढवायचा, वजनाची नोंद ठेवायची, अंगाला खरारा करायचा, दोरीला चालायला शिकवायचं. शेवटी प्रदर्शन, पंचांकडून निवड, रिबन. आणि त्याच दुपारी लिलाव, मांसासाठी. हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, कागदावर वडिलांची सही घेतली होती. आईला आम्ही सांगितलं की शाळेचा विज्ञानाचा प्रयोग आहे.

जनावराला हात लावायचं मला ठाऊक नव्हतं. वडिलांनी मग ज्ञानू पवारांना गाठलं. ते पाइपांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते, मजुरांच्या कॅम्पात राहायचे. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वडील त्यांचा गेटपास काढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खोंडाभोवती एक फेरी मारली आणि पोट धरून हसले.

“आरं, ह्याला वशिंडच न्हाई की! जू ठिवायचं कुठं? डोस्क्यावर?”

विलायती जात, काळीपांढरी, पाठ टेबलासारखी सपाट. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून त्यांनी त्याचं नाव चांद्या ठेवलं. मला ‘मालक’ म्हणायचे, थट्टेनं. “मालक, लांबून काय बघताय? चाटू द्या हात. तुमचा वास नाकात बसल्याबिगर त्यो तुमचा व्हायचा न्हाई.” क्लबनं दिलेली साखळीची म्होरकी त्यांनी काढून टाकली, जबडा सोलतो म्हणून. कॅम्पात बसून सुताची वळून आणली आणि माझ्या नावाची पट्टी तिच्यावर शिवली. गावाकडं त्यांच्या घराला बेंदराचा, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याचा, मान होता. बैलांची मिरवणूक वेशीतून निघायची ती पवारांची जोडी पुढं ठेवून, आणि तिचा कासरा ज्ञानूकाकांच्या हातात. हे ते दर शुक्रवारी सांगायचे. दोन बेंदूर हुकले, म्हणायचे, तिसऱ्याला जाणार.

एकदा आंबोण कालवता कालवता त्यांनी विचारलं, “ह्याचं फुडं काय करत्यात वो?”

मी वडिलांकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, “पवारांना कशाला सांगतोस? यायचे बंद होतील.” पण त्या क्षणी बोललो तो मी. “परत डेअरीत जातो. मोठं शेत आहे तिथं.”

“मंग बरं,” काका म्हणाले. हे पहिलं खोटं. वडिलांवर मी ते ढकलणार नाही. मला रिबन हवी होती.

रिबन मिळाली, निळी. पंच आले तेव्हा चांद्या चारी पाय बरोबर मांडून पुतळ्यासारखा उभा राहिला. टाळ्या पडल्या. गोऱ्या मुलांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. मग लिलाव झाला, आणि एका कॅटरिंगच्या ठेकेदारानं चांद्याला घेतलं. क्लबचा नियम होता की ज्यानं वाढवलं त्यानंच जनावर ट्रकात चढवायचं. मी चांद्याला फळीपाशी नेलं. त्यानं पुढचा एक खूर फळीवर ठेवला आणि मागं घेतला. मागची मुलं हसायला लागली, ट्रकवाला ‘यल्ला, यल्ला’, चला चला, करत हॉर्न वाजवू लागला. कुंपणाबाहेर काका उभे होते. मी त्यांना हाक मारली.

“काका, तुम्ही चढवा ना.”

ते आले. कासरा धरला नाहीच. चांद्याच्या गळ्याखाली हात घातला आणि “हो रं… हो… चल माज्या राजा” म्हणत स्वतः उलट्या पावलांनी फळी चढत गेले. तो मागोमाग गेला, एकदाही न थांबता. खाली उतरून काकांनी हात झटकले. “पोचला की सांगा मालक,” म्हणाले. मी मान हलवली.

आठवड्याभरानं त्यांच्या कॅम्पाच्या मेसमध्ये गोमांस शिजलं. मेस त्याच ठेकेदाराची होती. आपल्याकडच्या मंडळींसाठी डाळ वेगळी असायची, त्यात विशेष काही नव्हतं. पण डाळ घ्यायला गेलेल्या काकांना स्वयंपाकघराच्या खुंटीवर ती म्होरकी लटकलेली दिसली. सूत त्यांचं, पीळ त्यांचा, पट्टी माझी. ते तिथंच खाली बसले म्हणे. त्यांचा फोरमन शिंदे पाटणकडचाच. त्यानं चारचौघांत विचारलं, “काय पवार, आता खाटकाच्या हाताखाली लागलास? सायबाच्या पोराला खूश कराया बैल चढवून दिलास?” काका म्हणत राहिले, मला ठाऊक नव्हतं. कुणाला पटेना.

शेवटी पुढच्या शुक्रवारी शिंदे त्यांना घेऊन आमच्या दारात उभा राहिला. काकांच्या हातात ती म्होरकी होती. “सायेब, तुमीच सांगा. ह्याला ठावं हुतं का न्हाई?”

आई आतून आली. तिला काहीच माहीत नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं ‘नव्हतं’ म्हणायचं होतं… एक शब्द. पण आई दारात उभी होती, आणि तो एक शब्द बोलल्यावर बाकी सगळंच बोलावं लागलं असतं.

“मी सांगितलं होतं काकांना,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, त्याचाच त्रास होतो. मग शिंद्याला म्हणाले, “व्हय. सांगितलं आसंल लेकरानं. मीच इसरलो आसंन.”

जाताना चपला घालताना म्हणाले, “येतो मालक.” पुन्हा कधी आले नाहीत. करार संपायच्या आधीच ते गावी परतले, पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बेंदराचा मान चुलत्याच्या घराकडे गेला. त्यांनी दावणीची जोडी विकली, पुन्हा बैल पाळला नाही. आमच्या घरात हा विषय निघालाच नाही, आणि ती निळी रिबन आईनं अनेक वर्षं कपाटाला लावून ठेवली होती.

बेंदराचं हे मला आत्ता कळलं, कुसुमताईंनी सांगितलं म्हणून. चिठ्ठीवरच्या नंबरावर मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, “आप्पा बेंदराच्या दिवशी दार लावून बसायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, माजीच चूक. तुम्ही तिथं होता ना? मग एक सांगाल का… त्यांना खरंच ठाऊक होतं का हो?”

आई नाही, वडील नाहीत, शिंदे नाही. दारात कुणीच उभं नव्हतं. मी म्हणालो, “फार लहान होतो हो मी. नीट आठवत नाही.”

“असू द्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच माझी तब्येत विचारली.

म्होरकी माझ्या टेबलावर आहे. सूत कुठंही उसवलेलं नाही. पितळी पट्टी तर लखलखीत आहे, इतक्या वर्षांनी राहायला नको तितकी. म्हणजे ते ती अधूनमधून पुसत होते. माझं नाव त्यांच्याजवळ होतं, आणि गावात त्यांनी ते कुणालाही दाखवलं नाही.

ज्ञानूकाकांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं. इथं हे लिहिणं सोपं आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणी त्यांना ओळखत नाही. हीच दोन वाक्यं मला कुसुमताईंना सांगायची आहेत, आणि बेंदराच्या दिवशी त्यांच्या गावच्या वेशीत उभं राहून मोठ्यानं म्हणायची आहेत. ती मी अजून म्हटलेली नाहीत.