कालची फेरी

महाराष्ट्र नवा होता तेव्हा अमडापुरात आमच्या आळीत एक पिंजारी राहायचा. पहाटेची नमाज झाली की दाढीतला कापूसही न झटकता तो ओढ्यापर्यंत पळत जाऊन यायचा. वेळेवर पढायची राहून गेलेली नमाज नंतर पढतात, तिला कजा म्हणतात. पळण्यालाही त्याने तोच नियम लावला होता.

डोणगावला त्याचे वडील वारले. माती देऊन तो परतला आणि दुसऱ्या सकाळी एक फेरी संपवून माझ्या ओट्यासमोरून तो पुन्हा ओढ्याकडे निघाला.

"काऊन, आज दोनदा?"

"एक कालची हाये, गुरुजी." तो धापा टाकत थांबला. "अब्बा कधीचे बोलावून राह्यले होते. मी जातो जातो म्हणत राह्यलो. त्याची कजा नाही होत."

मग वाकून त्याने बुटाची नाडी आवळली आणि पुन्हा ओढ्याकडे पळत सुटला.