बसून झोपणाऱ्या सासूबाईंची गाडी

गॅरेजांच्या रांगेत शेवटचा गाळा तिचा. गाड्यांच्या सीटा शिवायचं काम करायची, म्हणून सगळा रस्ता तिला सीटवाली म्हणायचा. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. बाईमाणसाला हे जमेल का, असं सुरुवातीला ज्यांनी नाकं मुरडून विचारलं, तेच पुढे तिच्या दाराशी ताटकळत बसायचे.

हे काम तिला शिकता आलं ते सासूबाईंमुळे. तेव्हा तिचा धाकटा जेमतेम आठ महिन्यांचा होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. पोरांचं मी बघते. पण अर्धवट सोडून आलीस तर दार उघडणार नाही." तीन वर्षं त्यांनी दोन्ही नातवंडांचं सगळं केलं आणि त्याचा पाढा कधी कोणापुढे वाचला नाही.

त्याच सासूबाई गेली सहा वर्षं खुर्चीत बसून झोपत होत्या. हृदय कमजोर झालेलं, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. त्यामुळे त्या कोणाकडे मुक्कामाला जात नसत. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नदीकाठी राहायचं होतं गं एकदा. सकाळी डोळे उघडले की समोर पाणी. राहूनच गेलं."

ते वाक्य सीटवालीच्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, फक्त पाठ टेकून बसल्या बसल्या झोपता आलं पाहिजे. मग तिनं घरची जुनी क्रॉसओव्हर शेजारच्या मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. गाडी दिसायला जीपसारखी रुबाबदार, पण खडबडीत रस्ता आला की पोट घासायची.

"तीन इंच उचलू," मिस्त्री म्हणाला. "डोंगर चढेल, ताई."

"गाडीला डोंगर नाही चढायचा. सासूबाईंना गाडी चढायचीय."

तिनं घरी जाऊन सासूबाईंचा गुडघा किती उचलतो ते टेपनं मोजलं. दीड इंचावर तोड निघाली. मिस्त्रीनं नव्या स्प्रिंगा बसवल्या, जाड बाजूंचे टायर घातले, इंजिनखाली पोलादी पत्रा लावला आणि दाराशी दुमडती पायरीही करून दिली, न मागता.

आतलं काम तिचं. मागची अर्धी सीट काढून तिथं प्लायवुडची बैठक केली. खाली पाण्याचे कॅन, शेगडी, औषधांचा खण. पाठ हवी तितकी कलती करता येईल अशी. फोम तीनदा बदलला. मग सासूबाईंना गाळ्यावर आणून बसवलं. त्या परीक्षक आल्यासारख्या अर्धा तास बसल्या.

"पाठ छान झालीय. पण हात लोंबकळतात. खुर्चीला हात असतात, बाई."

इतक्या वर्षांत हजारभर सीटा शिवल्या, आणि एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. तिनं दोन्ही बाजूंना गुबगुबीत हात बसवले. दुसऱ्या चाचणीला, शेजारी ग्राइंडर किंचाळत असताना, सासूबाई भरदुपारी तासभर घोरल्या.

नदीकडे जाणारा शेवटचा टप्पा नुसता वाळूगोट्यांचा होता. तिच्या नवऱ्यानं थांबून वाळूत पकड मिळावी म्हणून टायरांमधली थोडी हवा काढली आणि गाडी गोगलगाईसारखी पुढे घेतली. मध्येच खाली खर्रकन आवाज झाला. त्याचा चेहरा पडला.

"पत्रा त्यासाठीच लावलाय ना?" पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "चल पुढे."

काठावर पोचल्यावर नवरा-बायकोनं गाडीच्या मागच्या दाराला जोडून तंबू लावला. तो त्या दोघांसाठी, गाडीत झोपलेल्या सासूबाईंची हाक ऐकू येईल इतका जवळ.

सकाळी सीटवालीला जाग आली ती शांततेमुळे. घरी पहाटेपासून सासूबाईंचा खोकला ऐकायची सवय. आज काहीच नाही. ती अनवाणीच धावली. सासूबाईंचे दोन्ही हात त्या गुबगुबीत हातांवर निवांत टेकलेले होते आणि अंगावरची चादर संथपणे वरखाली होत होती. ती पायरीवर बसली.

ऊन आत आलं तेव्हा सासूबाई जाग्या झाल्या. "किती वाजले?"

"साडेसात."

"उठवायचं नाही का? पाणी बघायचं होतं ना मला."

"आहे की अजून. कुठं जातंय."

सासूबाई हसल्या. मग बराच वेळ उघड्या दारातून नदीकडे बघत राहिल्या.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा मला जाऊ दिलं नसतंत तर..."

"तर मी आज घरी खुर्चीत असते," सासूबाई म्हणाल्या. "चहाचं बघ."

नवऱ्यानं शेगडी आधीच पेटवली होती. त्या तिघांनी चहा घेतला, आणि दुसऱ्या कपानंतर सासूबाईंनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. एका बाजूनं मुलानं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं सुनेनं. पाणी गार होतं. त्या दहा मिनिटं तरी तिथून हलायला तयार नव्हत्या.