ह्यूईच्या रीलचं वळण

डेलिया मॅक्टर्ननच्या दारात कुणी परका उभा राहिला, की ती आधी त्याचे बूट बघायची. बूट कोरे असतील तर माणूस सरकारी. चिखलाने भरलेले असतील तर काहीतरी विकायला आलेला. आणि नुकतेच पुसलेले असतील तर सगळ्यात वाईट, कारण त्याला घरात यायचंय! आयर्लंडमधल्या लायट्रिमच्या डोंगरउतारावर जन्म काढलेली बाई ती. संशयाला औषध नाही म्हणतात. डेलियाला ते नकोच होतं.

लोर्कन डेव्हिटचे बूट पुसलेले होते.

"जिल्ह्याने मला वर्षभर इथे राहायला धाडलंय," तो म्हणाला. "गावातल्या वाजवायच्या जुन्या चाली म्हाताऱ्यांकडून शिकायच्या आणि गावच्या हॉलमध्ये गावाला शिकवायच्या."

"गावाच्या चाली गावालाच शिकवणार? मग तू मध्ये कशाला कडमडतोस?"

लोर्कन हसला. हसणाऱ्या माणसाचा तर तिला जास्तच संशय यायचा.

आता तिचं काही चुकत होतं असं नाही हं. तिच्या बापाच्या वेळी असाच एक गोड बोलणारा गृहस्थ आवाज भरून घ्यायचं मोठं यंत्र घेऊन आला, चहा-पाव खाऊन बापाची एक चाल भरून घेऊन गेला. पुढे रेडिओवर ती वाजली, ती डब्लिनच्या कुणा भलत्याच्याच नावाने! बापाने त्या दिवशी आपली फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, भिंतीवर टांगली, ती वर्षभर खाली काढली नाही. दुधाने तोंड पोळलेलं घर ते, ताकही फुंकून पिणारच.

आणि डेलियाजवळ जपण्यासारखं एकच काय ते होतं. तिचा भाऊ ह्यूई कोळशाच्या खाणीत राबला, लग्न केलं नाही, फार बोललाही नाही. पण त्याने एक रील बांधली होती. नाचाची ही वेगवान चाल बहीण-भाऊ चुलीपाशी बसून वाजवायचे. छातीत खाणीची धूळ साठून ह्यूई गेला, आणि रील उरली ती डेलियाच्या बोटांत. ती तिच्याबरोबर मातीत जायला नको होती, आणि कुणा भामट्याच्या घशातही जायला नको होती. या दोन काळज्यांमध्ये बाईची झोप उडालेली.

लोर्कन येतच राहिला. कधी गोठ्याचं दार नीट करून दे, कधी चुलीसाठी पीटचा, म्हणजे जळणाच्या वाळल्या मातीचा, ढीग आत आणून टाक. एवढा उपयोगी माणूस फुकट कसा असेल? शेवटी एका दुपारी त्याने विचारलंच, "ह्यूईची एक रील होती म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"व्हिन्सी गिलरेनने."

व्हिन्सी! ह्यूईबरोबर खाणीत उतरणारा, लाकडी बासरी वाजवणारा शेजारी. ह्यूईच्या मयताला आला तेव्हा हा मेला सारखा ह्यूईच्या फिडलकडे बघत होता, म्हणून डेलियाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता तोच या पोराला तिच्या दारात धाडतोय म्हणजे दोघांचं साटंलोटं असणार, दुसरं काय?

आमच्याकडे अशा वेळचा एक जुना रिवाज आहे. पाहुण्याला चाल द्यायची, पण हातचं राखून. दुसऱ्या भागात एखादं वळण बदलून टाकायचं. पाहुणा खूश, आणि खरी चाल घरात. डेलियाने फिडल उचलली. ह्यूईच्या रीलच्या दुसऱ्या भागात चाल वर चढते, तिथे क्षणभर रेंगाळते आणि मग उतरते. डेलियाने रेंगाळणं गाळलं आणि सरळ उतरली. लोर्कनने डोळे मिटून ऐकलं, चारदा वाजवून घेतलं आणि आभार मानून गेला. ती मनात म्हणाली, जा आता, कर चोरी.

वसंतात हॉलमध्ये वर्षाचा समारोप झाला. डेलिया मुद्दाम गेली, चोर पकडायला. खुर्च्या भरलेल्या, मागे चहा आणि हॅमची सँडविचेस. मंचावर गावचीच माणसं होती, पोस्टमन, दोन गवळी, दवाखान्यातली नर्स, शाळेतली पोरं. लोर्कन उभा राहिला. डेलियाने कान टवकारले.

"ही रील आपल्या कॉर्नागॉनच्या ह्यूई मॅक्टर्ननची," तो म्हणाला. "त्यांची बहीण डेलिया यांनी मोठ्या मनाने आम्हाला दिली. आमच्यापैकी कुणीही ती वाजवेल, तेव्हा ही दोन नावं आधी घेईल."

आणि सगळ्यांनी मिळून ती वाजवली. चुकीची! दुसऱ्या भागात सगळा मंच एकदम वर चढला आणि सरळ खाली आला, डेलियाने शिकवलं होतं तस्सा. पोरंसुद्धा बिनचूक चुकत होती. या पोरांची पोरंही आता हेच वाजवतील, ह्यूईचं नाव घेऊन. चोर कुणी नव्हताच. भावाची रील तिने स्वतःच्या हाताने मोडली होती.

"थांबा!" ती ओरडली. टाळ्या विरल्या. "ते तसं नाहीये. मी मुद्दाम चुकीचं शिकवलं. मला वाटलं, हा चोरेल." तिला लाजेने रडू फुटलं, पण तिने नर्सच्या हातातली फिडल ओढून घेतली आणि खरी रील वाजवली, चढून, रेंगाळून, उतरून.

मग मागून व्हिन्सीचा आवाज आला.

"डेलिया, अगं, तेही नाहीये."

"काय बरळतोस?"

"रेंगाळल्यावर उतरायचं नसतं. आणखी एक पायरी चढायची, मग उतरायचं. ह्यूईने मला खाणीच्या तोंडाशी बसून शिकवलं होतं." व्हिन्सी टोपी हातात चुरगाळत होता. "तो म्हणायचा, डेलियाला एक वळण कमीच दिलंय. चुलीपाशी मीही तिच्यासारखंच वाजवतो. चांगली आहे बिचारी, पण कुणी गोड बोललं की देऊन टाकेल."

डेलिया जवळच्या खुर्चीत बसली. एका चुलीपाशी जन्म काढला दोघांनी, आणि सख्ख्या भावाने तिच्यापासूनही हातचं राखलं! आयुष्यात कुणी तिला एवढं दुखवलं नव्हतं. की व्हिन्सीच थापा मारत होता? विचारायला ह्यूई कुठे होता आता?

"वाजव," ती म्हणाली.

व्हिन्सीने बासरी ओठांना लावली. चाल चढली, रेंगाळली, आणि खरंच आणखी एक पायरी वर गेली. इतकी सुंदर होती की लोर्कनचं तोंड उघडंच राहिलं.

"पुन्हा," डेलिया डोळे पुसत म्हणाली. "हळू. आणि तू, लोर्कन, इकडे ये, बस माझ्याशेजारी, दोघं मिळून शिकू." व्हिन्सीने पुन्हा सुरुवात केली. डेलिया शिकत होती, पण तिची नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही. कोण जाणे, हाही मेला एखादं वळण गाळत असेल!