गर्दी नसलेला मंगळवार

डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता आम्ही तिघे पनवेलजवळच्या विचुंब्याहून निघालो. ठरलं होतं आठ. पंधरा मिनिटं बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरण्यात घालवली, कारण पहिल्याचं झाकण बसत नव्हतं. थीम पार्क दहाला उघडतं आणि आम्हाला दारात पहिलं असायचं होतं. वाटेतला नाश्ता धरूनही पंधरा मिनिटं परवडण्यासारखी होती, पण मला ती आवडली नाहीत.

हा मंगळवार मी सहज निवडला नव्हता. आमची मुलगी तनुजा सातवीत आहे. नोव्हेंबरात तिच्या शाळेची सहल याच पार्कला जाणार होती, तीही शनिवारी. शनिवारी अशा ठिकाणी जाणं म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या पाठीकडे बघत उभं राहणं, असं माझं मत आहे. मी संमतीपत्रावर सही केली नाही. तनुजा म्हणाली, "बाबा, रुकैया जानेवारीत रत्नागिरीला चाललीय. तिच्या पप्पांची बदली झालीय." रुकैया ही तिची पहिलीपासूनची मैत्रीण. मी म्हणालो, रत्नागिरी काही परदेशात नाही. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला शब्द दिला की मी स्वतः तुला नेईन, आणि तुझ्या वर्गाच्या चार राइड्स होतील तेव्हा तुझ्या बारा होतील.

शब्द दिला म्हणून मी नीट बसून वर्षभराचा विचार केला. मे महिन्यात उन्हाने लोखंड तापलेलं असतं, हात टेकवत नाही. जुलैत पावसामुळे उघड्यावरच्या अर्ध्या राइड्स बंद. गणपती, नवरात्र, दिवाळीची सुट्टी यांबद्दल बोलायलाच नको. नाताळात सगळी मुंबई घाटाकडे सुटते. राहिला डिसेंबरचा पहिला पंधरवडा, नाहीतर जानेवारी; जवळचा म्हणून पंधरवडा धरला. त्यातले शनिवार-रविवार गेले. बुधवारी पार्क बंद. गुरुवारी बायकोचे मार्गशीर्षाचे उपास. शुक्रवारी लोक सुट्टीला जोडून निघतात, आणि सोमवारी मला तळोज्याच्या कारखान्यातून रजा मिळत नाही. मी तिथे स्टोअर्सला आहे आणि सोमवारी माल मोजून घ्यावा लागतो. शेवटी मंगळवार उरला. शाळा चालू, ऑफिसं चालू, हवा थंड. शाळेला चिठ्ठी दिली. बायको म्हणत होती की ताप आला म्हणून लिहा. मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं, "घरगुती कारणास्तव."

गाडी बाळारामची होती. हा विचुंब्याचाच. त्याच्या आजोबांच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे, हे तो दर फेरीत एकदा सांगतो. त्या दिवशी ते सांगून झाल्यावर पळस्प्याच्या पुढे तो म्हणाला, "आज तिकडं बसा जाम असतील, साहेब."

"मंगळवार आहे. शाळा चालू आहेत," मी म्हणालो.

"शाला चालू हायत म्हनूनच. तुलशीचा लगीन झाला का शनिवार-रविवार सगल्या बसा वऱ्हाडात जातात. मंगलवारी लग्ना कमी. मंग शालेवाल्यांना मंगलवार द्यायचा. माझ्या मेव्हन्याच्या तिन्ही बसा आज सहलीला गेल्या."

"सगळ्या शाळा काही एकाच दिवशी जात नाहीत."

"तुमी सगला बघितला साहेब, फक्त बसवाल्यांना नाय विचारला."

मला हे बोलणं पटलं नाही, म्हणून मी खिडकीबाहेर बघू लागलो. शेडुंगपासून चौकपर्यंत डाव्या हाताला प्रबळगड दिसत राहतो. डिसेंबरात त्याच्या उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि सकाळच्या धुरकट हवेत तो आहे त्यापेक्षा लांब वाटतो. या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलो असेन, पण डोंगर निवांत बघायचा राहून जातो. त्या दिवशीही राहिला, कारण बसा दिसायला लागल्या. शेडुंग ते चौक मी अकरा मोजल्या. प्रत्येक खिडकीतून दोन-दोन डोकी बाहेर.

"अहो, मोजू नका," बायको म्हणाली. "त्याने कमी होणार आहेत का?"

चौकला आम्ही पोहे आणि चहा घेतला. टपरीशेजारी एक ठाकर बाई पाटी घेऊन बसल्या होत्या. पाटीत उकडलेले करांदे (रानातल्या वेलीला लागणारे कंद, मीठ लावून खातात). तनुजाला ते आवडतात. बाईंनी पानात बांधून दिले तेव्हा पाटी जवळजवळ रिकामी झाली.

"सकाळीच संपले?" बायकोने विचारलं.

"शाळंची पोरं उतरली व्हती ना. दोन बसा. मास्तर वरडत व्हता, पोरं ऐकत्यात कुठं." त्या समाधानाने हसल्या. त्या दिवशी मंगळवारचा फायदा झालेली ती पहिली व्यक्ती.

चौकहून कर्जतच्या बाजूला वळलं की रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे कापलेल्या भाताची खाचरं, मधूनच एखाद्या फार्महाऊसचं रंगवलेलं फाटक. आम्ही एका बसच्या मागे लागलो ते शेवटपर्यंत तिच्याच मागे राहिलो. तिच्या मागच्या काचेतून एक पोरगा मला सतत हात करत होता. मी एकदा उलट हात केला, मग चार जण करायला लागले.

पार्कच्या मैदानात चौतीस बसा उभ्या होत्या. बाळारामने मेव्हण्याच्या तिन्ही बसा मला एक-एक करून दाखवल्या.

दारावर आमच्या पिशवीतला डबा बाहेर काढला गेला. "बाहेरचं खाणं आत चालत नाही," सुरक्षारक्षक म्हणाला.

"हे बाहेरचं नाही, मी घरी केलंय," बायको म्हणाली.

"वास छान येतोय ताई, पण नियम आहे."

नियम म्हटल्यावर मी वाद घालत नाही. डबा गाडीत बाळारामकडे देऊन आलो. त्यात वीस मिनिटं गेली आणि आमच्या पुढे आणखी दोन शाळा आत शिरल्या.

आतल्या बारा राइड्सचा क्रम मी आधीच ठरवला होता. सगळ्यात लांबची आधी, कारण लोक दाराजवळच्या राइडला थांबतात. हा हिशेब एकेकट्या माणसांना लागू पडतो. शाळेची मुलं मात्र शिक्षक नेतील तिकडे जातात आणि शिक्षकही हुशार असतात. पहिल्या राइडला, म्हणजे उंचावरून उलटी होत येणाऱ्या गाडीला, आम्ही बहात्तर मिनिटं उभे राहिलो. शेजारी दोरी लावून सहलींची वेगळी रांग केली होती. ती सरकत होती. आमची रांग त्यांच्यातून उरलेल्या जागांवर चालायची. गाडीतला प्रत्यक्ष प्रवास दीड मिनिटाचा. बायकोने त्या दीड मिनिटात डोळे उघडले नाहीत, त्यामुळे तिने काय पाहिलं हे सांगता येत नाही.

दुसरी राइड पाण्यातून धबधब्यासारखी खाली येणारी होडी. सत्तेचाळीस मिनिटं. हवा थंड आहे हे मी निवडलेल्या दिवसाचं मोठं वैशिष्ट्य होतं. ओल्या शर्टाने उभं राहिल्यावर ते चांगलं कळलं. मग जेवणाची रांग. कोमट राजमा आणि कडक भात. सव्वा वाजला तेव्हा आमच्या दोन राइड्स झाल्या होत्या. बारा कोणत्याही हिशेबाने होणार नव्हत्या, फार तर पाच. मी दिलेला शब्द जात होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तनुजा तक्रार करत नव्हती. ती टाचा उंचावून इकडेतिकडे बघत होती. मला वाटलं, रडू दडवतेय.

"कंटाळलीस का?" मी विचारलं.

"नाही."

"पुढच्या रांगेत मी एकटा उभा राहतो. तुम्ही दोघी सावलीत बसा."

तेवढ्यात समोरून मरून रंगाच्या स्वेटरांची एक लांब ओळ आली. तो तिच्या शाळेचा स्वेटर होता. ओळीतून एक मुलगी सुटली आणि धावत आली. ती रुकैया. "किती शोधलं तुला," ती म्हणाली. दोघींपैकी कोणालाही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. ते सगळं माझ्या वाट्याला आलं होतं.

पाठोपाठ वर्गशिक्षिका आल्या, गावडे मॅडम. "तनुजाचे बाबा ना? तुमची चिठ्ठी वाचली. घरगुती कारण."

"हो," मी म्हणालो. "हेच ते."

"आमचं आज शैक्षणिक आहे." मॅडम हसल्या नाहीत.

मी विचारलं की तुमची सहल तर नोव्हेंबरात होती. "शनिवारी बसच मिळेना," त्या म्हणाल्या. "सगळ्या लग्नाला. शुक्रवारी आजचं नक्की झालं. जे येणार होते त्यांच्याच घरी कळवलं."

तनुजाने माझी बाही ओढली. "बाबा, मी यांच्याबरोबर जाऊ?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिचं संमतीपत्र नाही. चव्वेचाळीस मुलं आहेत, प्रत्येक राइडनंतर मी मोजते. पंचेचाळिसावं कुठून आलं हे मी मुख्याध्यापकांना काय सांगू? आणि काही झालं तर?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, फक्त जास्त वेळ. तनुजाचा चेहरा मात्र आता तसा झाला होता जसा नोव्हेंबरात झाला होता. रुकैयाने तिचा हात सोडला नव्हता आणि ओळ पुढे सरकायला लागली होती.

"अहो, काहीतरी करा," बायको म्हणाली.

"मी आत्ता लिहून देतो," मी म्हणालो. "जबाबदारी माझी, असं स्पष्ट लिहितो. आणि मोजायचं काम मी घेतो. प्रत्येक राइडच्या बाहेर पडायच्या दारावर मी उभा राहीन."

"तुम्ही मोजाल?"

"तळोज्यात स्टोअर्सला आहे. बावीस वर्षं तेच करतोय."

मॅडमनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पिशवीतल्या वहीचं एक पान फाडून दिलं. कचरापेटीच्या झाकणावर कागद ठेवून मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि "वेळ पण टाका" म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी एक वाजून चोवीस मिनिटं असं टाकलं.

त्यानंतरचा प्रवास मी राइड्समध्ये नाही, त्यांच्या मागच्या दारांवर केला. सहलींची रांग भरभर सरकायची. मी पंचेचाळीस डोकी आत जाताना मोजायचो, मग राइडला वळसा घालून धावत बाहेर पडायच्या दारावर जायचो आणि पंचेचाळीस डोकी बाहेर येताना मोजायचो. खांद्यावर अकरा दप्तरं, हातात कोणाचा तरी चष्मा. एकदा शेहेचाळीस भरली. मॅडम पांढऱ्या पडल्या. दुसऱ्या शाळेचा, साधारण तसाच स्वेटर घातलेला एक मुलगा आमच्यात मिसळला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमची रांग लवकर जाते, काका." त्याला त्याच्या सरांकडे पोहोचवून आलो. बायको या वेळात सावलीत बसून बर्फाचा गोळा खात होती आणि मी समोरून गेलो की हात करत होती.

उंच पाळण्याच्या वेळी मी वर बघितलं. एरवी मला खाली बघावं लागायचं. तनुजा आणि रुकैया एकाच बाकावर होत्या, शाळेबरोबरच्या सातही राइड्सना होत्या. पाळणा अगदी वर जाऊन क्षणभर थांबतो, तिथे बाकीची मुलं किंचाळत होती आणि या दोघी काहीतरी बोलत होत्या. इतक्या उंचीवर आणि इतक्या घाईत काय बोलायचं असतं, मला कळलं नाही. पहिलीपासून रोज शाळेत सहा तास बरोबर असतात.

साडेपाचला निघालो. चौतीस बसा एकाच फाटकातून बाहेर पडायला पन्नास मिनिटं लागली आणि आम्ही त्यांच्या मागे. डब्यात चार पुऱ्या उरल्या होत्या.

"वहिनी, मी म्हटला खराब होतील," बाळाराम म्हणाला. "मेव्हन्याला पन दिल्या. किती राइड झाल्या, बेबी?"

"नऊ," तनुजा म्हणाली.

"आनि साहेबांच्या?"

"दोन. बाकी वेळ ते पळत होते."

बाळाराम चौकपर्यंत थांबून थांबून हसत होता. आजोबांच्या शेताची गोष्ट त्याने परतीच्या वाटेवर सांगितली नाही. अंधारात डोंगर दिसत नव्हता. मी मागे वळून तनुजाला विचारलं, "त्यांची सहल आज आहे, हे तुला माहीत होतं?"

"शुक्रवारपासून."

"मग चार दिवस घरात का नाही बोललीस?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटची पुरी अर्धी खाऊन झाली होती. "बोलले असते तर तुम्ही तारीख बदलली असती."

मी नाही म्हणणार होतो, पण ते खरं झालं नसतं. जानेवारीचा तिसरा मंगळवार मी पर्याय म्हणून आधीच काढून ठेवला होता. पनवेलच्या कोणी आजही विचारलं तर मी तोच सांगेन. तोवर सहली संपलेल्या असतात, थंडी असते, रांग दहा मिनिटांच्या वर जात नाही. त्या दिवशी गेलो असतो तर तनुजाच्या बाराच्या बारा राइड्स झाल्या असत्या, आणि प्रत्येक वेळी तिच्या बाकावरची दुसरी जागा रिकामी गेली असती.