साबण लावलेला बोल्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको शेवटच्या दुखण्यात आठ दिवस अंथरुणाला होती, मी उशाशी बसून असायचो — तिलाही नाही सांगितलं. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर सांगतो. सगळं जमेल का, बघू.

धाराशिवात माझं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावातल्या एका डॉक्टरांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. ती चालवायचा कासीम. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी, रोज सकाळी इंजिनात काडी घालून तेल बघितल्याशिवाय चावीला हात न लावणारा.

जीप तेल गाळायची. इंजिनाच्या बुडाशी तेलाचं भांडं असतं, आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्याच्या तळाला एक बोल्ट. त्या बोल्टाशी थेंब धरायचा. दोनदा आवळून दिला, तरी तिसऱ्यांदा कासीम जीप घेऊन दारात हजर. मला राग आला. एवढासा थेंब, आणि माझ्या नावाला बट्टा? पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि लावला जोर.

हाताला कळलं. आटे गेले होते. बोल्ट नुसताच फिरायला लागला. जीपखाली उताणा पडून मी विचार केला — काय केला असेल? कासीमला हाक मारून खरं सांगायचं? छे. सुताचा दोरा गुंडाळला, बोल्ट बसवला आणि बाहेर येऊन हात पुसले.

खंडेनवमीला तो पुन्हा आला. त्या दिवशी दुकानातली हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडलेली. दसऱ्याच्या सकाळपर्यंत आमच्यात लोखंड उचलत नाहीत.

"मिस्त्री, थेंबाची आता धार झालीय," तो म्हणाला. "येरमाळ्याच्या पल्याड वस्तीवर एक बाई अडलीय. सायब पेटी भरून बसलेत."

येरमाळ्याची बस सुटायला अर्धा तास होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं — जीप नेऊ नका, बस धरा. पण का, असं विचारलं असतं ना? मग सांगावं लागलं असतं, आटे मी घालवले. आणि हत्यारं उचलली असती तरी काय? दुसरा बोल्ट घडवायला अर्धा दिवस हवा होता. पूजेचं निमित्त माझ्या पथ्यावरच पडलं, एवढं खरं.

कासीम डॉक्टरांची पेटी आणायला गेला. मी न्हाणीतला धुण्याचा साबण आणला, मळला, दोऱ्यावर थापला आणि बोल्ट नुसत्या हातानं दाबून बसवला. तेल भरून ठेवलं. तोवर बस सुटून गेली होती. तो आल्यावर म्हणालो, "झालं काम. खुशाल जा." माझ्या शब्दावर त्यानं काडी बघितली नाही.

येडशीच्या पुढं इंजिन जाम झालं. डॉक्टर आणि कासीम, डोक्यावर पेटी घेऊन, तीन कोस चालत गेले. ते पोचले तेव्हा बाई गेली होती. पोटातलं लेकरूही.

दसऱ्याच्या सकाळी बसच्या ड्रायव्हरकडून मला निरोप आला. मी एकटाच गेलो. जीप रस्त्याच्या कडेला उभी, आणि मागं धुळीत तेलाचा काळा पट्टा. त्याच्या मागं मागं चालत गेलो. फर्लांगभर. बोल्ट सापडला. आट्यांत साबण तसाच होता, पांढरा. तो खरवडला, बोल्ट जागेवर लावला, पट्ट्यावर पायानं माती ओढली.

मग ते दोघं परत आले. डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, "बोल्ट जागेवर हाय, सायब. तेलच नव्हतं. काडी बघितली नसंल."

"न्हाय बघितली," कासीम म्हणाला. एवढंच. खरं बोलला तो.

आणि मी काय केलं असेल? वरून म्हणालो, "माणूस वाईट न्हाय, सायब. विसरला असंल." मुसलमान ड्रायव्हरचा शब्द त्या काळात कितीसा चालायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो मात्र आपल्या बाजूनं काही बोललाच नाही. मला उगाच भीती होती.

त्याची नोकरी गेली. बाई मारली म्हणून गाव बोलायचं, कुणी गाडी हातात देईना. तेर गावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागला. आणि दर दसऱ्याला सोनं घेऊन माझ्या घरी यायचा. आपट्याची पानं हातात ठेवायचा, पाया पडायचा. म्हणायचा, त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलणारे तुमी एकटेच. बायको त्याला फराळाचं द्यायची. मी पानं दोन्ही हातांनी घ्यायचो. अकरा वर्षं.

शेवटच्या दसऱ्याला तो खोकत आला. पानं दिली आणि गेला नाही, उंबऱ्याशीच बसला. म्हणाला, "मिस्त्री, एक इचारू? तुमाला इंजिनातलं कळतं. म्या काडी बघितली असती, तर ती बाई वाचली असती का?"

काडी दहा वेळा बघितली असती तरी बोल्ट पडायचा तो पडलाच असता. हे जगात मला एकट्याला माहीत होतं. 'न्हाय' म्हणायचं होतं. तेवढंच. बोल्टाचं नावही काढायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं मान हलवली. उठला, पाया पडला आणि गेला. दिवाळीच्या आत वारला.